चोडणचा बांध: एका चौकटीच्या वर्षभराच्या नोंदी

14 जून, शुक्ल अष्टमी

आज पहिली फ्रेम घेतली. गोव्यातल्या रायबंदरच्या धक्क्यावरून पहाटेच्या फेरीबोटीने चोडण बेटावर उतरले तेव्हा अंधारच होता. बांधावर पोचून ट्रायपॉड उभा करेपर्यंत उजाडलं.

जागा अशी: मांडवीच्या काठचा बांध. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की बांध नाकासमोर सरळ जातो. उजव्या हाताला नदी, डाव्या हाताला खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन. पुढचं वर्षभर याच जागेवरून, याच उंचीवरून, याच लेन्सने फोटो काढायचे. बांधाच्या चिऱ्यांवर तीन ठिकाणी रंगाचे ठिपके दिले, तिथे ट्रायपॉडचे पाय येणार. आजच्या फ्रेमची छोटी प्रिंट काढून बॅगेत ठेवणार, म्हणजे दर वेळी क्षितिज आणि बांधाचं वळण जुळवून घेता येईल.

लेन्स 24 मिलिमीटरची घेतली ती हिशेब करून. आपल्या अक्षांशावर जूनमध्ये सूर्य नेमक्या पूर्वेपासून साधारण 24 अंश उत्तरेला सरकून उगवतो आणि डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. म्हणजे उगवतीची वर्षभराची येजा 48-49 अंशांची. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ही लेन्स आडवे 74 अंश पाहते. त्यामुळे वर्षातला प्रत्येक सूर्योदय याच चौकटीत बसेल: पावसाळ्यात शेतावर, हिवाळ्यात नदीवर.

भरतीचा हिशेब मला फेरीबोटीवरच्या एका पागी काकांनी, मासे धरणाऱ्या, शिकवला. तिथीची पाऊणपट करायची. आज अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पाणी पुरं चढणार. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. नदीत आत येऊ तसा थोडा उशीर होतो. तेव्हा सूर्योदय आणि पुरी भरती एकाच वेळी हवी असेल तर अष्टमीच्या आसपासच यायचं. पौर्णिमा-अमावास्येच्या, उधाणाच्या दिवसांत सूर्य उगवतो तेव्हा नदीकाठी चिखल उघडा पडलेला असतो. वीस वर्षं मी सूर्योदयाचे फोटो काढते आहे. हवामान पाहून निघायचे, तिथी कधी पाहिली नव्हती.

आज सूर्य दिसला नाही. ढग खाली आले होते. फ्रेम घेतली, ती पहिली म्हणून राहील.

26 जून

चार दिवस कोसळतोय. आज दोन तास उघडीप मिळाली.

खाजनात पेरणी चालली आहे. कोरगूट, खाऱ्या जमिनीत तग धरणारं आपलं जुनं भात. पण खार सोसणारं असलं तरी उगवताना त्याला गोडं पाणी लागतंच. म्हणून पहिल्या पावसाचं पाणी शेतात कोंडून ठेवतात, जमिनीतला खार त्यात उतरला की मानशीतून, म्हणजे बांधातल्या दरवाजातून, नदीत सोडतात आणि परत नवं पाणी भरू देतात. असं दोन-तीनदा. मग मोड आणलेलं बी चिखलात फेकायचं.

एक मावशी वाफ्यात वाकली, बोट बुडवून जिभेला लावलं, थुंकली आणि पलीकडच्या माणसाला हाताने खूण केली. अजून नको. मी तो क्षण टिपला, पण फोटोत फक्त वाकलेली बाई दिसते. चव फोटोत येत नाही. या प्रकल्पात शब्द लिहावे लागणार, ते यामुळेच.

घरी येऊन लेन्सची पेटी उघडली तर सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी पडलेले. 70-200च्या आतल्या काचेवर बुरशीचे बारीक तंतू दिसायला लागले आहेत. उद्याच साफ करायला द्यायला हवी. गोव्यात पावसाळ्यात कॅमेरा बाहेर ओला होतो तो पुसता येतो. कपाटात ठेवलेला जास्त धोक्यात असतो.

13 जुलै

आजची नोंद सावकाश लिहायची आहे.

बांधावर रोज सकाळी एक काका येतात. सत्तरीच्या पुढचे, कंबरेला पंचा, हातात कोयता. बांधाला खेकड्याची बिळं पडली आहेत का ते बघत चालतात. आज जोराची सर आली तेव्हा म्हणाले, घरी चल, चहा घे. बल्कांवात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, बसले तर समोरच्या भिंतीवर माझा फोटो.

सहा वर्षांपूर्वी मी काढलेला. एका कंपनीने दिनदर्शिकेसाठी घेतला होता, जुलैचं पान. खारफुटीचं दाट हिरवं जंगल, मधून वळत जाणारी पाण्याची वाट, पाण्यात ढगांचं प्रतिबिंब. माझ्या कामातला लोकांना सर्वात आवडलेला फोटो हाच. दिनदर्शिकेची बाकीची पानं केव्हाच गेली असणार. हे एक पान त्यांनी कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून लावलं होतं. मला भरून आलं. म्हटलं, काका, हा मी काढलेला फोटो.

काका उठून भिंतीजवळ गेले. फोटोवर हात ठेवला आणि म्हणाले, "हें आमचें शेत, बाय."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी फोटोच्या डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे पाण्यातून वर आलेला एक काळपट चिरा आहे. फोटो काढताना तो मला खुपला होता. कोपऱ्यातला अडथळा म्हणून संगणकावर पुसून टाकायचं मनात होतं, ते राहून गेलं. तो त्यांच्या मानशीचा चिरा. त्यावरूनच त्यांनी जागा ओळखली.

हकिगत अशी. काकांचा मुलगा शाळेत होता त्या वर्षी बांध फुटला. त्या काळी नदीतून खनिजाच्या बार्जी रात्रंदिवस जायच्या, त्यांच्या लाटा बांधाचा पाया खात होत्या. बांध बांधायला उशीर झाला, एक पावसाळा गेला, दुसरा गेला. खारं पाणी आत येत-जात राहिलं. गाळ बसला, गाळात तिवराच्या बिया आल्या, मग चिपी, मग मारांडीची काटेरी झुडपं. काही वर्षांत शेताच्या जागी रान. आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे. ती सहजासहजी तोडता येत नाही. म्हणजे शेत गेलं ते गेलंच.

खारफुटी वाईट आहे असं काका म्हणाले नाहीत. उलट बांधाच्या बाहेरच्या अंगाला ती हवीच, लाट तिच्यावर मोडते, मासळीची पिल्लं तिच्या मुळांत वाढतात. बाहेर असेल तर बांधाची राखण, आत असेल तर बांध मेल्याची खूण. एवढं साधं आहे. मी ते न ओळखता फोटो काढला, त्याला निसर्ग म्हटलं, आणि तो लोकांच्या भिंतींवर महिनाभर लागला.

चहा घेतला. फोटोबद्दल आणखी बोलता आलं नाही. ते पान त्यांनी का जपलं आहे हे विचारायची गरज उरली नव्हती.

16 जुलै

प्रकल्पाचं नाव बदललं. आधी वहीवर 'खाजनातले ऋतू' असं लिहिलं होतं. आता नुसतं 'बांध'. एक नियमही घातला: चौकटीत जे येतं ते काढून टाकायचं नाही. विजेचा खांब, प्लास्टिकचा पाइप, निळी ताडपत्री, चिऱ्यांचा ढीग. आपण हलायचं नाही आणि त्यांनाही हलवायचं नाही.

4 ऑगस्ट

सत्तरीत चोर्ला घाटाच्या बाजूला सुर्ल्याच्या सड्यावर. ठरलेल्या जागेबाहेरची ही फेरी, पण दर श्रावणात मी जातेच. जांभ्या दगडावर बोटभर मातीचा थर, त्यात सीतेची आसवं आणि गेंद ही रानफुलं. सीतेची आसवं मुळाशी असलेल्या बारीक पिशव्यांत पाण्यातले जीव पकडतात. दगडावरच्या या पातळ मातीत नत्र जवळजवळ नसतं, म्हणून हा उद्योग.

तिथे पोटावर झोपून, मॅक्रो लेन्स लावून, श्वास रोखून वाट पाहिली. वारा थांबत नव्हता. पंधरा फ्रेम, एक नीट आली. आजूबाजूला आठ-दहा जण गाड्या थेट सड्यावर चढवून फोटो काढत होते. चाकाखाली गेलेली ती माती परत साचायला किती पावसाळे लागतील? आम्ही फोटोग्राफर ज्या जागेचं कौतुक सांगत सुटतो, ती जागा पुढच्या वर्षी तशीच राहील याची जबाबदारीही आमचीच आहे. मी ठरवलं, या जागेच्या फोटोखाली यापुढे नेमकं ठिकाण लिहायचं नाही.

18 सप्टेंबर, पौर्णिमा

पूर्ण दिवस मानशीवर.

मानस म्हणजे बांधातला दरवाजा. चिऱ्यांचं भक्कम बांधकाम, त्यात लाकडी झडपा. खाजनाचं सगळं शहाणपण या झडपांत आहे. त्या नदीच्या बाजूने ढकलल्या की बंद होतात, शेताच्या बाजूने ढकलल्या की उघडतात. भरती चढली की नदीचं पाणी स्वतःच त्यांना लावून घेतं. सुकतीला नदी खाली गेली की आत साठलेलं पावसाचं पाणी त्यांना उघडून बाहेर पडतं. वीज नाही, पंप नाही. दोन बाजूंच्या पाण्याची उंची एवढीच काय ती शक्ती. गोव्यातलं सुमारे 18 हजार हेक्टर खाजन असल्या दरवाजांवर उभं आहे. 3,702 चौरस किलोमीटरच्या राज्यात हा जवळजवळ विसावा हिस्सा, आणि समुद्राला भरती आली की तो पाण्याच्या पातळीखाली असतो.

मला उघडण्याचा क्षण हवा होता. सव्वाअकराच्या पुढे भरती पुरी झाली, मग पाणी उतरायला लागलं. मी मानशीच्या कट्ट्यावर पालथी झोपून कॅमेरा खाली धरला होता. बारा, साडेबारा, एक. झडपेच्या बाहेरच्या अंगावर ओल्या रेषा एकेक करून उघड्या पडत होत्या. शेवाळाचा पट्टा, त्याखाली कालवांच्या शिंपल्यांचा पांढरा खरखरीत पट्टा, त्याखाली काळं कुळकुळीत लाकूड. दोनला दहा मिनिटं असताना झडपेच्या फटीतून एक बुडबुडा आला. मग लाकूड कण्हल्यासारखा आवाज. झडप चार बोटं हलली, थांबली, परत हलली, आणि एकदम आतलं तपकिरी पाणी नदीच्या हिरवट पाण्यात घुसलं. दोन पाणी वेगळी दिसत होती, मधे फेसाची रेघ. त्या रेघेवर लगेच दोन बगळे येऊन उभे राहिले. त्यांना वेळ माहीत होती.

मानशीच्या तोंडाशी जाळं लावून मासळी धरण्याचा हक्क लिलावाने दिला जातो. आज रात्रीच्या सुकतीला जाळं लागेल. लिलावाच्या पैशातून बांधाची डागडुजी व्हावी असा मूळ हिशेब. पूर्वी हे सगळं गावकरी, म्हणजे कोमुनिदाद, आणि शेतकऱ्यांचा भौस बघायचे. 1964च्या कूळ कायद्यानंतर हळूहळू ती जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. पण जास्त पैसा मासळीत आणि कमी भातात असं झालं की कोणीतरी मानस जास्त वेळ उघडी ठेवतो, खारं पाणी आत घेतो, आणि शेत खराब होतं. काका हे सांगताना आवाज चढवत नाहीत. बोटांनी झडपेचं लाकूड चाचपत असतात.

आजच्या 212 फ्रेमपैकी तीन ठेवणार: बुडबुडा, फट, फेसाची रेघ.

20 ऑक्टोबर

कापणी. कोरगूट चांगलंच उंच वाढतं आणि पाण्यात आडवं पडतं, लोंब्यांना लांब कुसळं असतात. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक कुसळ पेटल्यासारखं दिसतं. सूर्य आता नेमक्या पूर्वेपासून दहा-अकरा अंश दक्षिणेला, बांधाच्या टोकाच्या उजवीकडे उगवतो आहे.

चौकटीत यंदा एक नवा विजेचा खांब आला. गेल्या महिन्यात नव्हता. आधीची मी असते तर दोन पावलं डावीकडे सरकून त्याला बाहेर ठेवला असता. ठिपक्यांवर ट्रायपॉड असल्यामुळे सरकता येत नाही, आणि आता मला सरकायचंही नाही. खांब आला म्हणजे कोणाच्या तरी घरी दिवा आला.

8 डिसेंबर, शुक्ल अष्टमी

आज सगळं एकत्र आलं: भरती पुरी, वारा नाही, नदीवर धुकं, आणि सूर्य चौकटीच्या उजव्या अंगाला, थेट पाण्यावर. जूनपासून ज्या फ्रेमची वाट पाहत होते ती. एफ 11, आयएसओ 100, हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, दोन्ही टोकांना न चिकटता मधे. क्लिक केल्यावर मी काही वेळ कॅमेऱ्याला हातच लावला नाही.

आणि मग पाणमांजरं आली. पाच. नदीतून बांधावर चढली, अंग झटकलं, माझ्यापासून वीसेक पावलांवर गवतावर लोळली आणि खाजनाच्या बाजूने पाण्यात उतरली. जेमतेम दीड मिनिट. माझ्याकडे 24ची लेन्स लावलेला, ट्रायपॉडला घट्ट बसवलेला कॅमेरा. लांबची लेन्स बॅगेत. बॅगेची चेन ओढली असती तरी ती पळाली असती. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ठरलेल्या चौकटीत ती पाच ठिपके म्हणून आहेत. मोठं करून पाहिलं तर एकाची शेपटी ओळखता येते.

बेटाच्या पश्चिम टोकाला सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे, 1988पासूनचं, 1.78 चौरस किलोमीटरचं. लोक प्राणी-पक्षी बघायला तिकडे जातात, आणि जावंच. तिथल्या खारफुटीत निवट्या मासे चिखलावर उड्या मारतात ते तासन्‌तास बघण्यासारखं आहे. पण आजची पाणमांजरं शेतात मासे खायला आली होती, अभयारण्याच्या हद्दीबाहेर. माणसांनी राखलेला बांध त्यांच्याही वाटेत येतो आणि त्यांच्या कामीही येतो. जाळी फाडतात म्हणून पागी त्यांच्यावर चिडतात, हेही तितकंच खरं.

11 जानेवारी

घरीच. सगळ्या फ्रेम प्रिंट करून जमिनीवर ओळीने मांडल्या.

एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा फोटो काढणं नवं नाही. अमेरिकेत 1977 ते 1979 या काळात मार्क क्लेट आणि त्यांच्या सोबत्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षणांच्या फोटोंच्या जागा शोधून, तिथेच उभं राहून, शक्य तितक्या त्याच वेळेच्या उन्हात ते फोटो परत काढले. सावलीवरून वेळ ठरवली. ते वाचल्यापासून माझ्या मनात होतं. पण त्यांच्या जोड्यांत शंभर वर्षांचं अंतर आहे, माझ्या फ्रेममध्ये दहा-बारा दिवसांचं. मला काळ किती गेला हे दाखवायचं नाही. काम किती झालं हे दाखवायचं आहे. जुलैच्या दोन फ्रेममध्ये बांधाची कड एका ठिकाणी आत गेलेली दिसते, ऑगस्टच्या पहिल्या फ्रेममध्ये तिथे ताजी काळी माती. मी त्या मधल्या दिवसात आले नव्हते. कोणीतरी आलं होतं.

हिरव्याबद्दल एक तांत्रिक नोंद: ऑगस्टच्या फ्रेममध्ये पोलरायझर वापरला तेव्हा पानांवरची चकाकी गेली आणि हिरवा गडद झाला, पण शेतातल्या पाण्याची चमकही गेली. शेत कोरडं वाटतं. खाजनात पोलरायझर नको.

16 फेब्रुवारी

पेडण्यात, आगरवाड्याच्या मिठागरात. येताना पणजी-रायबंदर कॉजवेवरून आले. 1633-34मध्ये पोर्तुगीजांनी बांधलेला हा रस्ता मिठागरांमधून काढला होता. आता कडेची बरीच जागा पडीक आहे.

दुपारी बाराला फोटो काढले, ज्या वेळेला आम्ही सहसा कॅमेरा बॅगेत ठेवतो. मीठ दुपारीच ओढतात, ऊन जितकं कडक तितकं ते धरतं. पहाटेच्या सोनेरी उजेडात आगर सुंदर दिसतं, पण तेव्हा तिथे कोणी नसतं. मिठाच्या पांढऱ्यावर मीटर फसतो, सगळं करडं येतं, म्हणून दीड स्टॉप वाढवून घेतलं. लाकडी फळीने मीठ कडेला ओढणाऱ्या बाईच्या पायांना भेगा होत्या आणि भेगांत मीठ. तिने विचारलं, "पायांचा कशाला काढतेस?" मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, मग नीट काढ, आणि पाय पाण्याने धुऊन परत उभी राहिली. धुतलेल्या पायांचाच फोटो ठेवला आहे.

22 मार्च, वद्य अष्टमी

गेल्या उधाणात बांधाला भगदाड पडता पडता राहिलं. आज भांग आहे, पाणी कमी चढतं, आणि अष्टमीची सुकती दुपारी बाराला. डागडुजीला हाच दिवस. नऊ माणसं, त्यांतल्या तीन बायका.

आधी बिळं. काका खेकड्याच्या बिळात हात कोपरापर्यंत घालतात आणि बीळ कुठल्या दिशेला वळलं आहे ते बोटांनी बघतात. वरून बुजवून उपयोग नाही, आतलं टोक शोधून तिथून भरत यायचं. मग बांधाच्या पायथ्याशी बांबूचे खुंट, त्यांच्यात पेंढा आणि फांद्या, त्यावर चिखल. चिखल फावड्याने टाकत नाहीत. आत उभा असलेला माणूस दोन हातांनी गोळा कापतो, वरच्याकडे फेकतो, तो झेलतो आणि बांधावर आपटतो. आपटलेल्या गोळ्यावर टाच. प्रत्येक गोळ्यावर पाच बोटांचे ठसे राहतात, शेजारच्या गोळ्याने ते निम्मे झाकले जातात. मी बांधाच्या त्या ओल्या भिंतीचा जवळून फोटो काढला, 50 मिलिमीटर, बाजूने येणाऱ्या उन्हात. शेकडो हात एकावर एक. कुठे करंगळी आखूड, कुठे अंगठीची खूण.

सुकतीचे दोन तास संपत आले तसा फेकण्याचा वेग वाढला. कोणी बोलेना. पाणी पायथ्याला लागलं तेव्हा शेवटचा गोळा बसला होता. काका माझ्याकडे बघून म्हणाले, आता काढ तुझा फोटो. मी ठिपक्यांवर ट्रायपॉड ठेवला आणि ठरलेली फ्रेम घेतली. तीत नऊ माणसं बांधावर पाय सोडून बसलेली आहेत, चिखलाने माखलेली, नदीकडे बघत. या वर्षातल्या माझ्या फ्रेममध्ये इतकी माणसं पहिल्यांदा आली.

18 मे

कुर्डीत. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं गाव. दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरलं की भिंतींचे चौथरे, विहिरी, वाटा वर येतात आणि विस्थापित झालेले लोक आपल्या देवांना भेटायला येतात. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव. त्या 1904 साली जन्मल्या.

तडे गेलेल्या जमिनीचे, उभ्या खोडांचे फोटो सगळे काढतात. वर ड्रोन घिरट्या घालत होते. मीही एक रुंद फ्रेम घेतली आणि थांबले. एक आजी नातीला हात धरून फिरवत होत्या: इथे दार, इथे चूल, इथे तुळस. मी विचारलं, फोटो काढू का? म्हणाल्या, तुळशीकडे उभी राहते. तिथे तुळस नव्हती, वृंदावनाचा चौथराही जेमतेम ओळखू येत होता. त्यांनी पदर नीट केला आणि त्याच्या बाजूला उभ्या राहिल्या, लग्नाच्या फोटोत उभ्या राहाव्यात तशा. प्रिंट कुठे पाठवायची ते वहीत लिहून घेतलं आहे.

3 जून, शुक्ल अष्टमी

पुन्हा अष्टमी, पुन्हा सहाची भरती, पुन्हा ढग. ठिपक्यांचा रंग निम्मा उडाला आहे, पण जागा सापडते. मार्चची माती आता गवताने झाकली आहे. शेवटची फ्रेम घेतली. एकूण 31.

काकांकडे गेले. बांधावर बसलेल्या नऊ जणांची मोठी प्रिंट त्यांना दिली. त्यांनी ती लांब धरून एकेकाला नावाने ओळखलं. मग मी दुसरी प्रिंट काढली, तोच सहा वर्षांपूर्वीचा खारफुटीचा फोटो, या वेळी पूर्ण, न कापलेला. दिनदर्शिकेवाल्यांनी तो डावीकडून थोडा छाटला होता. मूळ फ्रेममध्ये त्या चिऱ्याच्या शेजारी आणखी दोन चिरे आणि झडपेची मोडकी चौकट दिसते.

म्हटलं, काका, शेत कुठे होतं ते यावर दाखवाल?

त्यांनी बॉलपेन मागितलं. काही वेळ प्रिंट मांडीवर ठेवून बसले. मग मानशीच्या चिऱ्यापासून रेघ सुरू केली, तिवराच्या मुळांवरून, पाण्याच्या वाटेच्या कडेने, ढगांच्या प्रतिबिंबावरून. ही मेर आमची. ही भावाची. इथे पोंय, मानशीलगतचा डोह, इथे मासळी साठायची. इथे बैल उतरायचे. चकचकीत कागदावर पेन घसरत होतं, ते परत गिरवत होते. प्रत्येक तुकड्यात त्यांनी त्याचं नाव लिहिलं, सात नावं. सर्वात लहान तुकड्यात नाव मावेना, तेव्हा ते बाहेर, आकाशावर लिहिलं आणि तिथून एक बाण आत काढला.

ती प्रिंट त्यांनी मला परत दिली. प्रदर्शनात भिंतीवर पहिली तीच लागेल, चौकट न करता.